माळ्यावरच्या जुन्या कॉम्प्युटरमधल्या फायली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्याच्या दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांतली जुनी मराठी घरं रिकामी होत आहेत. मुलं पुण्याला नाहीतर परदेशात, घर विकायचं ठरलेलं, आणि माळा उतरवताना १९९० ते २००५ च्या दरम्यान घेतलेला एक कॉम्प्युटर हमखास निघतो. त्यात कुणाच्या आजोबांच्या आठवणी असतात, कुणाच्या आत्याने टाइप करून ठेवलेल्या बंदिशी, गणेशोत्सव मंडळाच्या स्मरणिकेचा मजकूर, दुकानाचे हिशेब. बडोद्यातल्या अशा लिखाणाची दुसरी प्रत बहुतेक वेळा कुठेच नसते. ते छापलं गेलेलं नसतं आणि टाइप करणारं माणूसही आता नसतं. म्हणून पेटी भंगारवाल्याला देण्याआधी हे वाचा, एवढी विनंती.

कॉम्प्युटर खाली काढला आहे. आधी चालू करून बघितला तर काय बिघडतं?

बरंच काही. कृपा करून चालू करू नका.

पहिलं कारण विजेचं. पंधरा-वीस वर्षं पडून राहिलेल्या पॉवर सप्लायमधले कपॅसिटर सुकलेले किंवा फुगलेले असतात, आत धूळ आणि बडोद्याच्या पावसाळ्यांची ओल असते. बटण दाबताच चुकीचं व्होल्टेज गेलं तर मदरबोर्डबरोबर डिस्कवरचं सर्किटही जळतं.

दुसरं कारण डिस्कच्या मोटरचं. इतक्या वर्षांनी ती कदाचित एकदाच नीट फिरेल. ती एक संधी फायली उतरवून घेण्यासाठी वापरायची, विंडोजचं चित्र बघण्यासाठी नाही.

तिसरं कारण लोकांना पटकन पटत नाही, पण तेच सर्वांत महत्त्वाचं आहे. विंडोज सुरू होताना डिस्कवर लिहितं. स्वॅप फाइल, रजिस्ट्री, तात्पुरत्या फायली हे सगळं रिकाम्या समजल्या जाणाऱ्या जागेत जातं, आणि पुसलेल्या फायलींचे अवशेष तिथेच असतात. त्यात शेवटच्या वेळी वीज जाऊन मशीन बंद पडलं असेल तर विंडोज ९८ सुरू होताना डिस्क तपासणारं स्कॅनडिस्क आपोआप चालतं. मोडकळीला आलेल्या डिस्कवर ते ‘दुरुस्ती’ करतं, म्हणजे फायलींचे तुकडे करून ‘फाइल००००’ अशा नावांनी ठेवून देतं. नंतर ते जोडणं फार कष्टाचं काम आहे.

तेव्हा पेटी उघडा, डिस्क बाहेर काढा, आणि कुठली वायर कुठे होती त्याचे फोटो घेऊन ठेवा. माळ्यावरून थेट एसीच्या खोलीत आणू नका. साध्या खोलीत एक दिवस राहू द्या.

डिस्क कुठल्या प्रकारची आहे हे कसं ओळखायचं?

मागच्या बाजूच्या पिना मोजा. चाळीस पिना दोन ओळींत आणि शेजारी चार जाड पिनांचं पॉवरचं सॉकेट असेल तर ती आयडीई डिस्क. घरांत सापडणाऱ्या बहुतेक डिस्का याच. लॅपटॉपची डिस्क छोटी, अडीच इंची असते. तिला ४४ पिना असतात आणि पॉवर त्यातूनच जाते. पन्नास पिना असतील तर स्कझी, जी जुन्या मॅकिंटॉशमध्ये किंवा सर्व्हरमध्ये असते. आणि पिनांऐवजी सर्किट बोर्डाचीच कड पुढे आलेली असेल, तिला ३४ आणि २० तारांच्या दोन पट्ट्या जोडलेल्या असतील, तर ती १९८० च्या दशकातली एमएफएम पद्धतीची डिस्क. तिच्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे, कारण तिला हे नियम लागू पडत नाहीत.

वरच्या लेबलचा स्पष्ट फोटो घ्या. त्यावर सिलिंडर, हेड आणि सेक्टर (डिस्कवरची जागा ज्यांत मोजतात ते भाग) यांचे आकडे छापलेले असतात. जुन्या डिस्कसाठी ते नंतर लागतात आणि लेबल हाताळताना निघून येतं.

सामान काय लागेल?

आयडीई ते यूएसबी अ‍ॅडॉप्टर, आणि त्याच्यासोबत स्वतःचा पॉवर सप्लाय. साडेतीन इंची डिस्कला १२ आणि ५ असे दोन्ही व्होल्ट लागतात, ते यूएसबीच्या वायरीतून मिळत नाहीत. लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कला फक्त ५ व्होल्ट पुरतात. लिनक्स (विंडोजसारखी, पण मोफत प्रणाली) भरलेला पेन ड्राइव्ह, आणि जुन्या डिस्कच्या दुप्पट तरी रिकामी जागा. चार जीबीची डिस्क म्हणजे आजच्या हिशेबात काहीच नाही, त्यामुळे जागेची कंजुषी नको.

डिस्कवरचा छोटा जंपर (दोन पिना जोडणारी टोपी) ‘मास्टर’ किंवा ‘सिंगल’वर ठेवा. तो ‘स्लेव्ह’वर असला तर अ‍ॅडॉप्टरला डिस्क दिसत नाही आणि माणसं डिस्क मेली असं समजून सोडून देतात. पट्टीसारख्या केबलची लाल कड पहिल्या पिनेची, आणि ती सहसा पॉवर सॉकेटच्या बाजूला येते. पॉवरचं सॉकेट उलटं बसत नाही, जोर लावावा लागत असेल तर थांबा.

अ‍ॅडॉप्टर लावला. विंडोज म्हणतंय, डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करा. करू का?

नाही. कधीच नाही. ‘रद्द’ दाबा आणि वायर काढा.

हा निरोप आला म्हणजे डिस्क रिकामी आहे असं नाही. विंडोजला तिची मांडणी वाचता आली नाही, एवढाच त्याचा अर्थ. मांडणी वाचता न येण्याची कारणं बरीच असतात आणि त्यातली निम्मी तरी निरुपद्रवी असतात. म्हणूनच मी हे काम विंडोजवर करत नाही. लिनक्सवर डिस्क ‘माउंट’ न करता, म्हणजे तिच्यातल्या फायली उघडायचा प्रयत्नही न करता, तिची प्रत काढता येते.

अ‍ॅडॉप्टरला डिस्क दिसतच नाही, किंवा तिचा आकार भलताच दिसतो.

जंपर तपासला असेल तर डिस्कचं वय बघा. सुमारे १९९४ च्या आधीच्या, पाचशे एमबीच्या आतल्या बऱ्याच डिस्का जागा ओळखण्यासाठी सिलिंडर-हेड-सेक्टर हीच जुनी पद्धत वापरतात. आजचे स्वस्त अ‍ॅडॉप्टर फक्त सलग क्रमांकाची नवी पद्धत जाणतात. दोघं एकमेकांशी बोलूच शकत नाहीत. डिस्क चांगली असते, अ‍ॅडॉप्टरही चांगला असतो.

यावर उपाय मधल्या काळातलं मशीन. पेंटियम ३ किंवा ४ च्या काळातला मदरबोर्ड, ज्यावर खरा आयडीई पोर्ट आहे, तो मिळवा. आपल्याकडच्या शुक्रवारी बाजारात किंवा सयाजीगंजच्या कॉम्प्युटर दुकानांच्या अडगळीत असे बोर्ड अजून निघतात. बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटअपमध्ये) डिस्क आपोआप ओळखली गेली नाही तर लेबलवरचे आकडे हाताने भरा. मग त्याच मशीनवर जुनं लिनक्स चालवून दुसऱ्या डिस्कवर प्रत घ्या. असं एक जुनं मशीन मित्रमंडळीत मिळून एकाने सांभाळून ठेवावं, सगळ्यांच्या कामाला येतं.

‘प्रत’ म्हणजे नक्की काय? फायली नुसत्या कॉपी-पेस्ट केल्या तर नाही का चालणार?

प्रत म्हणजे इमेज: डिस्कवरचा पहिल्यापासून शेवटपर्यंतचा प्रत्येक सेक्टर जसाच्या तसा एका मोठ्या फाइलमध्ये. त्यात दिसणाऱ्या फायली येतात, पुसलेल्या येतात, विंडोज स्वतः येतं, फॉन्ट येतात. एकदा ती हातात आली की मूळ डिस्क बाजूला ठेवून द्यायची आणि सगळे प्रयोग इमेजच्या प्रतीवर करायचे. चूक झाली तर पुन्हा प्रत काढता येते.

कॉपी-पेस्टचा तोटा असा की ते फायलींच्या क्रमाने चालतं. एखाद्या फाइलमध्ये खराब सेक्टर आला की कॉम्प्युटर तिथेच पुन्हापुन्हा डोकं आपटतो, हेड (तबकडीवरून माहिती वाचणारा भाग) त्याच जागी घासत राहतं, आणि पुढच्या हजार चांगल्या फायली बाकी असतानाच डिस्क संपते.

यासाठी डीडीरेस्क्यू हा मोफत प्रोग्रॅम आहे. तो आधी सहज वाचता येणारा भाग पटकन उचलतो, अडचणीच्या जागा सोडून पुढे जातो आणि शेवटी त्या जागांकडे वळतो. कुठे काय झालं याची नोंद तो एका नकाशा-फाइलमध्ये ठेवतो, त्यामुळे काम मध्ये थांबवून दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरू करता येतं. ही नकाशा-फाइल द्यायला विसरू नका. पहिल्या फेरीत ‘खरवडू नको’ (--no-scrape) हा पर्याय लावा. स्रोत कुठली डिस्क आणि लिहायचं कुठे, हे एंटर दाबण्याआधी मोठ्याने वाचा. दोन्हींची अदलाबदल झाली तर आजोबांच्या डिस्कवर तुमची रिकामी डिस्क लिहिली जाईल.

मे महिन्यात हे काम दुपारी करू नका. डिस्कवर पंखा ठेवा आणि हात लावून बघत राहा. फार तापली तर थांबवून थंड होऊ द्या.

डिस्कमधून टक्-टक् आवाज येतोय.

लगेच बंद करा. ठराविक लयीत येणारा टक्-टक् म्हणजे हेड आपली जागा शोधतंय आणि त्याला ती सापडत नाही. प्रत्येक प्रयत्नात ते तबकडीचा पृष्ठभाग खरवडत असण्याची शक्यता असते. कुठलंही सॉफ्टवेअर इथे उपयोगाचं नाही.

काहीच आवाज नसेल, मोटर फिरतच नसेल, तर दोन शक्यता. एक म्हणजे सर्किट बोर्ड गेला आहे. अगदी जुन्या डिस्कांत त्याच मॉडेलचा आणि त्याच आवृत्तीचा दुसरा बोर्ड लावून काम भागतं. नव्यांत भागत नाही, कारण त्या त्या डिस्कची खास माहिती बोर्डावरच्या चिपमध्ये असते. दुसरी शक्यता म्हणजे हेड तबकडीला चिकटलं आहे. हे जाणकार हाताने सुटतं, टेबलावर आपटून नव्हे.

फ्रीझरमध्ये ठेवण्याचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. आपल्या हवेत गार डिस्क बाहेर काढली की काही क्षणांत तिच्यावर आणि आतही दव धरतं. हेड तबकडीपासून केसाच्या जाडीच्या अगदी लहानशा अंशाएवढंच वर तरंगत असतं, त्याला पाण्याचा थेंब म्हणजे भिंत. आणि झाकण उघडून तर बघूच नका, कितीही स्वच्छ खोली असली तरी.

विश्वामित्री नदीच्या पुरात कॉम्प्युटर बुडाला होता. काही आशा आहे का?

आहे. ऑगस्ट २०२४ च्या पुरानंतर हा प्रश्न फार आला, आणि त्याआधी जुलै २०१९ च्या अखेरीला एका दिवसात शहरात पाणी भरलं तेव्हाही आला होता.

साधी हार्ड डिस्क हवाबंद नसते. तिला श्वास घ्यायला एक बारीक भोक असतं, त्यामागे गाळणी असते. पाणी तिथून आत शिरतं आणि पुराच्या पाण्याबरोबर गाळही. तबकडी ओली असेपर्यंत हा गाळ धुऊन काढता येतो. वाळला की तो पृष्ठभागावर धरतो. म्हणून, जे करावंसं वाटतं त्याच्या अगदी उलट करायचं: वाळवायचं नाही, उन्हात ठेवायचं नाही, हेअर ड्रायर नाही, तांदळाच्या डब्यात तर नाहीच. दमट फडक्यात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा आणि डिस्क उघडून साफ करणाऱ्या लॅबकडे शक्य तितक्या लवकर पाठवा. विजेला जोडू नका.

आधीच्या पुरात भिजून वाळलेली डिस्क घरात पडून असेल तर तिलाही वीज देऊ नका. काम अवघड झालंय, अशक्य झालेलं नाही. पाणी फक्त पेटीच्या तळापर्यंत आलं होतं आणि डिस्क वरच्या खणात कोरडी राहिली, असंही अनेक घरांत झालं. तेव्हा न बघता फेकू नका.

आमच्याकडचं मशीन १९८७-८८ चं आहे. वर सांगितलेली एमएफएम डिस्क.

इथे नियम उलटा होतो. या डिस्का आपल्या कंट्रोलर कार्डाशी बांधलेल्या असतात. एका कंपनीच्या कार्डावर फॉरमॅट केलेली डिस्क दुसऱ्या कार्डावर बहुधा वाचता येत नाही. म्हणजे डिस्क, कार्ड आणि शक्यतो मूळ मशीन यांना एकत्रच ठेवावं लागतं, आणि मूळ मशीनच चालू करावं लागतं. डिस्क एकटी काढून पाठवू नका.

आधी पॉवर सप्लाय वेगळा तपासून घ्या. मदरबोर्डवर पिंपाच्या आकाराची निकेल-कॅडमियम बॅटरी असेल तर ती गळलेली आहे का बघा. तिचं रसायन तांब्याच्या रेषा खातं. बॅटरी मेली की मशीन डिस्कचे आकडे विसरतं, ते सेटअपमध्ये पुन्हा द्यावे लागतात. ‘टाइप ४७’ म्हणजे आकडे स्वतः भरायचा पर्याय, तो कित्येक बायोसमध्ये सापडतो. सगळ्यात जुन्या, आयबीएमच्या पीसी एक्सटी पद्धतीच्या मशीनना ही बॅटरीची भानगड नसते, तिथे सगळं कार्डावर असतं.

मशीन सुरू झालं की फायली बाहेर काढायचा सोपा रस्ता सीरियल केबलचा. एमएस-डॉस (विंडोजच्या आधीची मायक्रोसॉफ्टची प्रणाली) ६ सोबत इंटरलिंक आणि इंटरसर्व्हर हे दोन प्रोग्रॅम येत. त्यातली एक सोय मला फार आवडते: समोरच्या मशीनमध्ये चालणारी फ्लॉपी नसली तरी इंटरसर्व्हर स्वतःची प्रत केबलवरून तिकडे पाठवू शकतो. सेकंदाला ९६०० बिटच्या वेगाने २० एमबीला साधारण सहा तास लागतात. रात्री जेवणं झाल्यावर लावून द्या, पण शेजारी कुणीतरी असू द्या.

इमेज उघडली, तर आत एकच प्रचंड मोठी फाइल आहे आणि बाकी जवळजवळ काही नाही!

तिचं नाव ‘डीआरव्हीस्पेस’ किंवा ‘डीबीएलस्पेस’ असं काही आहे का बघा, आणि पुढे शून्यं. असेल तर आनंदाची गोष्ट आहे. १९९३ च्या एमएस-डॉस ६ पासून डबलस्पेस आणि नंतर ड्राइव्हस्पेस ही डिस्क दाबून दुप्पट जागा दाखवणारी सोय होती, आणि महागड्या डिस्कच्या त्या काळात ती पुष्कळांनी वापरली. तुमची अख्खी सी ड्राइव्ह त्या एका फाइलमध्ये आहे.

आजचं विंडोज ती उघडत नाही. इमेजची प्रत ८६बॉक्स या एम्युलेटरमध्ये (जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) लावून त्यातलं जुनं डॉस किंवा विंडोज ९८ सुरू करा, फायली दिसायला लागतील. जुन्या कॉम्प्युटरचा पडदा, त्याचे रंग, डेस्कटॉपवरची चित्रं, सगळं तसंच समोर येतं. घरातल्या मोठ्यांना त्या वेळी शेजारी बसवा. कुठलं काय कुठे ठेवलं होतं हे त्यांना पडदा बघून आठवतं.

फायली मिळाल्या, पण मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खिचडा दिसतो. फाइल खराब झाली का?

नाही, फाइल शाबूत आहे. हाच प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि इथेच सर्वांत जास्त फायली कायमच्या फेकल्या जातात. म्हणून जरा सविस्तर सांगते.

युनिकोड, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येणारी आजची मराठी, घराघरांत पोचण्याआधी श्रीलिपी, आकृती, सी-डॅक या सरकारी संस्थेचं आयएसएम अशा पॅकेजांत मराठी टाइप होत असे. प्रत्येक पॅकेजचे फॉन्ट वेगळे आणि प्रत्येकाची आतली मांडणी वेगळी. कॉम्प्युटरच्या दृष्टीने ती फाइल रोमन अक्षरांचीच, फक्त त्या अक्षरांच्या जागी फॉन्टमध्ये देवनागरीचे आकार बसवलेले. फॉन्ट नसला की मूळ रोमन अक्षरं उघडी पडतात.

आता महत्त्वाची गोष्ट: तो फॉन्ट त्याच डिस्कवर आहे. विंडोज फोल्डरच्या आत फॉन्ट्स नावाचं फोल्डर असतं. लोक ‘माय डॉक्युमेंट्स’ तेवढं कॉपी करतात, डिस्क टाकून देतात, आणि मग वर्षानुवर्षं तो फॉन्ट इंटरनेटवर शोधत बसतात. पूर्ण इमेज घेण्याचा मी इतका आग्रह धरते तो मुख्यतः यासाठी.

वर्डमध्ये मजकूर निवडला की फॉन्टच्या चौकटीत नाव दिसतं: ‘श्री-देव’ आणि पुढे आकडा, किंवा ‘डीव्हीबी-टीटी सुरेख’, ‘डीव्ही-टीटी योगेश’ वगैरे. बडोद्याच्या घरांत एकाच डिस्कवर गुजराती फॉन्टही असतात, आणि गुजराती मजकुराचा खिचडा मराठीसारखाच दिसतो. फॉन्टच्या नावावरूनच कळतं की पत्र आजोबांचं आहे की व्यापाऱ्याचं.

तो फॉन्ट आजच्या कॉम्प्युटरवर बसवा. बहुतेक वेळा मजकूर तिथल्या तिथे मराठी दिसू लागतो. तो क्षण मी अनेक घरांत पाहिला आहे, आणि दर वेळी कुणीतरी मोठ्याने वाचायला लागतं. ताबडतोब त्याची पीडीएफ करा, फॉन्ट आत समाविष्ट करून. ही पहिली पायरी.

दुसरी पायरी युनिकोडची. त्या त्या फॉन्टसाठीचं परिवर्तक सॉफ्टवेअर वापरायचं. एका फॉन्टचं परिवर्तक दुसऱ्याला चालत नाही. या फॉन्टमध्ये अक्षरं डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, म्हणजे पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा. त्यामुळे ‘कार्य’, ‘वर्षी’, ‘मूर्ती’, ‘स्थिती’ असे शब्द हमखास बिघडतात. पीडीएफ शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचावीच लागते. हे काम मराठी नीट येणाऱ्यानेच करावं, आणि मूळ लेखकाचं शुद्धलेखन सुधारू नये. त्यांनी लिहिलं तसं राहू द्या.

डॉसच्या काळात सी-डॅकच्या जिस्ट कार्डावर (मशीनमध्ये बसवायच्या भारतीय लिप्यांच्या कार्डावर) टाइप केलेल्या फायली वेगळ्या. त्या इस्की या भारतीय प्रमाणाप्रमाणे असतात, ज्याची १९८८ ची आवृत्ती आधीपासून होती आणि जे १९९१ साली राष्ट्रीय मानक झालं. त्यात क्रम उच्चाराचाच असतो आणि युनिकोडची देवनागरी इस्कीच्याच आराखड्यावर बेतलेली आहे, म्हणून त्यांचं रूपांतर पुष्कळ स्वच्छ होतं. जुन्या फायली अवघड असतील असं वाटतं, पण मराठीच्या बाबतीत १९९० ची डॉस फाइल २००० सालच्या वर्ड फाइलपेक्षा सोपी निघते.

दुकानाचा टॅलीचा डेटा आहे.

टॅलीच्या फोल्डरमध्ये ‘डेटा’ नावाचं फोल्डर आणि त्यात आकड्यांची नावं असलेली फोल्डरं शोधा. प्रत्येक आकडा म्हणजे एक कंपनी. फोल्डर अख्खं उचला, त्यातली एखादी फाइल निवडून घेऊ नका. टॅली ७.२ चा डेटा पुढच्या आवृत्त्यांत आणण्यासाठी कंपनीचंच साधन आलं होतं. डॉसवरच्या ४.५ चं काम मात्र जुनं टॅलीच एम्युलेटरमध्ये चालवून, खातेवह्या फाइलमध्ये छापून घेऊन करणं शहाणपणाचं. टॅलीव्हॉल्टचा पासवर्ड लावला असेल आणि तो कुणाला आठवत नसेल तर तो डेटा उघडत नाही. जुन्या डायऱ्यांची मागची पानं आधी बघा.

वर्डस्टार, पेजमेकर, डीबेस यांचं काय?

लिबरऑफिस घ्या. डीबेस आणि फॉक्सप्रोच्या फायली, लोटसच्या शीट्स, वर्ड ९५ आणि त्याआधीची पत्रं (जी नवा वर्ड सुरक्षेच्या कारणाने अनेकदा अडवतो) त्यात उघडतात. वर्डस्टारची फाइल साध्या एडिटरमध्ये उघडली तर शब्दांचं शेवटचं अक्षर विचित्र दिसतं, कारण वर्डस्टार त्या अक्षराचा आठवा बिट स्वतःच्या खुणेसाठी वापरायचा. तो बिट काढला की मजकूर स्वच्छ होतो. पेजमेकर ६ आणि ७ मधला मजकूर लिबरऑफिसमध्ये निघतो, पानाची मांडणी मोडते. स्मरणिकेचं पान जसंच्या तसं हवं असेल तर जुना पेजमेकर एम्युलेटरमध्ये उघडणं हाच मार्ग, कारण त्या काळच्या डीटीपीत टाइप-१ या जुन्या प्रकारचे फॉन्ट असत आणि नवे प्रोग्रॅम ते आता घेत नाहीत.

बऱ्याच फायलींवर १ जानेवारी १९८० ही तारीख आहे. आम्ही तर कॉम्प्युटर १९९६ मध्ये घेतला.

बॅटरी संपली की डॉसचं घड्याळ १ जानेवारी १९८० पासून सुरू होतं. त्या फायली बॅटरी मेल्यानंतरच्या आहेत. इतर फायलींवरची ‘शेवटचा बदल’ ही तारीख सहसा भरवशाची असते आणि एखादं लेखन कोणत्या क्रमाने झालं हे त्यावरून कळतं. म्हणून फायली उघडून पुन्हा सेव्ह करू नका.

पुसलेल्या फायली मिळतात?

डिस्कवर फायली मांडायच्या जुन्या फॅट पद्धतीत फाइल पुसली की तिच्या नावाचं पहिलं अक्षर जातं आणि जागा मोकळी म्हणून नोंदली जाते. मजकूर तिथेच राहतो, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. टेस्टडिस्क आणि फोटोरेक हे दोन मोफत प्रोग्रॅम इमेजवर चालवा. फोटोरेक नावं परत देत नाही, ढीगभर फायली देतो. त्या निवडायला धीर लागतो.

विंडोजचा पासवर्ड माहीत नाही.

विंडोज ९५-९८ चा पासवर्ड डिस्कला कुलूप लावत नाही, इमेजमधून सगळं वाचता येतं. एक्सपीतही बहुधा तसंच, फक्त फायली मुद्दाम एनक्रिप्ट केल्या असतील तर नाही. काही लॅपटॉपमध्ये डिस्कलाच पासवर्ड असतो. तो खरा अडथळा आहे.

फ्लॉप्याही सापडल्या आहेत.

साडेतीन इंचीसाठी यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह मिळतो. आत घालण्याआधी पत्रा सरकवून बघा, चकतीवर पांढरट बुरशी असेल तर घालू नका, ड्राइव्हचं हेड खराब होऊन पुढच्या फ्लॉप्याही जातात. सव्वापाच इंचीसाठी जुना ड्राइव्ह आणि तो यूएसबीला जोडणारा ग्रीझविझलसारखा बोर्ड लागतो.

जुना मॅक आहे.

बहुधा स्कझी डिस्क आणि एचएफएस ही मॅकची जुनी फाइल-मांडणी. आजच्या मॅकला ती वाचता येत नाही, २०१९ च्या कॅटलिना आवृत्तीपासून तो आधार काढून टाकला आहे. इमेज घेऊन लिनक्सवर उघडा.

हे सगळं आम्हाला जमणार नाही. दुकानात देऊ का?

डिस्क शांतपणे फिरत असेल तर माहितगार भाचा किंवा पुतण्या हे काम करू शकतो. आवाज येत असेल, भिजलेली असेल, किंवा आतला मजकूर अमोल असेल, तर डिस्क उघडून काम करणारी लॅब शोधा, मग ती अहमदाबादला किंवा मुंबईला का असेना. पाठवण्याआधी विचारा: डिस्क उघडायला धूळमुक्त कक्ष तुमचा स्वतःचा आहे की पुढे पाठवता? तपासणीनंतर खर्च लेखी सांगाल का? काही मिळालं नाही तर किती पैसे? मिळालेल्या फायलींची यादी पैसे देण्याआधी दाखवाल का? आणि मूळ डिस्क परत हवी, हे लिहून घ्या. ‘दोन तासांत करून देतो’ म्हणणाऱ्याला नको.

काम झालं. आता मूळ डिस्कचं काय करायचं, आणि फायली कुठे ठेवायच्या?

इमेज दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा, त्यातली एक बडोद्याबाहेर, पुण्याच्या बहिणीकडे वगैरे. एकाच कपाटातल्या दोन प्रती एकाच पुरात जातात. पेन ड्राइव्ह ने-आण करायला ठीक, साठवायला नको. इमेजसोबत एक साधी मजकूर-फाइल ठेवा: मशीन कुणाचं, कुठल्या वर्षाचं, कुठले फॉन्ट, काय काय सापडलं. मूळ डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत घालून कपाटाच्या वरच्या खणात. रद्दीत देऊ नका, निदान सगळा मजकूर वाचून होईपर्यंत तरी.

आत दुसऱ्यांचीही माहिती आहे. बाबा डॉक्टर होते.

डॉक्टरांच्या डिस्कवर रुग्णांच्या नोंदी असतात, सीएच्या डिस्कवर अशिलांचे हिशेब, वकिलांच्या डिस्कवर खटले. त्या कुणाला दाखवायच्या नाहीत आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर तर मुळीच टाकायच्या नाहीत. घरचा मजकूर वेगळा काढा, बाकीचं बंद ठेवा. मदतीला बोलावलेल्या माणसालाही हे आधीच सांगा.

वैयक्तिक पत्रंही निघतात. ती कोणी वाचायची हे घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला विचारून ठरवा. कुणाला ती वाचायची नसतील तर तसं असू द्या. इमेज राहते, निर्णय नंतर घेता येतो.